घाणा नंबर सतरा

मिरची मोडली की कट् असा आवाज यायला हवा. रेणुकानं बाजेवरच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला, पार पोटातली एक मिरची उपसली, कानाजवळ नेली आणि वाकवली. मिरची वाकली. ओल्या वादीसारखी वाकली आणि सोडल्यावर पुन्हा सरळ झाली.

"सादळली," रेणुका म्हणाली.

"मग काय झालं?" सरजाबाई उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती. "ह्या झडीत मानूस सादळायलंय, तू मिरचीचं काय घेऊन बसलीस."

पोळा झाला, गौरी जाऊन आठ दिवस झाले, तरी आभाळ उघडत नव्हतं. मुखेडपासून बसनं अर्ध्या तासावरच्या त्या गावात भिंतींना पोपडे आले होते, आगपेटीची काडी तीनदा ओढावी लागत होती, आणि सोनकांबळ्यांच्या घरात उन्हाळ्यात कडकडीत वाळवून ठेवलेली मिरची बाजांवर, पंख्याखाली, पाहुण्यासारखी लोळत पडली होती. पंखा होता, लाईट नव्हती.

सासू-सुना दोन वर्षांपासून येसर करून विकत होत्या. डाळ, गहू, धने, मिरची, खडा मसाला भाजून दळायचा. उकळत्या पाण्यात दोन चमचे टाकले की घरभर वास आणि ताटात आमटी. हात सरजाबाईचा. बाकी सगळं, म्हणजे कांडप यंत्र, फूडचं लायसन, पाकिटं आणि सगळ्यांच्या शिव्या, रेणुकाचं. नांदेडला तीन दिवसांचं शिक्षण घेऊन आली तेव्हापासून तिनं भिंतीवर तिथल्या मॅडमनी दिलेला बावीस कलमांचा कागद चिकटवला होता. डोक्याला टोपी. नखं कापलेली. हातात बांगडी, अंगठी नको. प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळी दळलेल्या मालाला, नंबर, प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट फळीवर राखून ठेवायचं, आणि वहीत रकाने भरायचे.

बांगड्यांवरून तर पहिल्याच दिवशी जुंपली होती.

"नवरा मेला तवाबी म्या काढल्या न्हाईत," सरजाबाई म्हणाली होती, "आन तुझ्या येसरसाठी काढू?"

शेवटी बांगड्यांवर कापडाची पट्टी गुंडाळायची असं ठरलं. सरजाबाई ती रोज गुंडाळायची, आणि रोज म्हणायची, "हात मोडल्यावानी वाटतंय."

सोमवारी घाणा होता. ऊन नव्हतं म्हणून रेणुकानं मिरची थोडी थोडी कढईत घालून मंद आचेवर परतायला घेतली. सकाळी सातला बसली ती बारा वाजले तरी उठली नाही. कमरेचा काटा ढिला झाला, उजव्या हाताचं मनगट सुजलं, डोळ्यांतून धार. पण परतलेली मिरची कट् वाजत होती. दोन कढया राहिल्या, आणि मुखेडहून छापलेली लेबलं आणायची बस एकची.

"आवो," तिनं नवऱ्याला, केरबाला, सांगितलं, "राहिलेली मिरची परतल्याबिगर यंत्रात घालू नका. आन वही तेवढी भरा."

"भरतो की."

"बघून भरा."

"आता वही काय डोळे मिटून भरत्यात का?" केरबा म्हणाला.

पाचला ती परत आली तेव्हा सगळं उरकलं होतं. कांडून झालेलं, चाळून झालेलं, चाळीस पाकिटं बंद होऊन ओळीनं उभी. राखायचं एकेचाळिसावं फळीवर. वहीत केरबाच्या वाकड्या अक्षरात रकाने भरलेले: घाणा सतरा. टोपी, हाव. यंत्र पुसलं, हाव. ओल, न्हाई. कामाला येणारी गंगम्मा दारात बसून चहा पीत होती. यंत्र सुरू झालं की मिरचीचा खकाणा उडायचा आणि दम्याच्या गंगम्माला खोकून खोकून उभं राहवायचं नाही. आज ती शांत होती.

"आज बरं हाय गंगम्मा?"

"लई बरं हाय, अव्वा," गंगम्मा म्हणाली आणि सरजाबाईकडं बघून हसली.

रेणुकाला वाटलं, बाई, एक दिवस तरी सगळं नीट झालं. ती त्या दिवशी जेवण होताच झोपली, वही न बघता.

अठरा दिवसांनी तिनं फळीवरचं सतरा नंबरचं पाकीट हातात घेतलं. महिन्यातून दोनदा ती सगळी राखलेली पाकिटं उघडून बघायची. घरातल्यांना हा तिचा छंद वाटायचा. पाकीट दाबलं तर आत काहीतरी टणक लागलं. कापून परातीत उपडं केलं. येसर भुरभुर पडायला हवी, ती ढेकळासारखी पडली. ढेकूळ फोडलं. आत पांढुरकी, मऊ, उंदराच्या पिल्लाच्या अंगासारखी लव होती. वास भिजलेल्या पोत्याचा.

 रेणुकानं सोळा नंबरचं फोडलं. चांगलं. अठरा, चांगलं. एकोणीस, चांगलं. सतराच.

"आत्या," तिनं हाक मारली. "त्या सोमवारी काय केलं?"

सरजाबाईनं परात बघितली, वास घेतला आणि पदरानं नाक पुसत बसली. सुनेकडं बघितलं नाही.

"आत्या, म्या इचारायली."

"काय करायचंय? कांडलं."

"दोन कढया मिरची परतली का?"

"परतली. थोडी. आन दोन हबके पान्याचे मारले."

"पान्याचे?"

"खकाना दबाया! गंगम्मा निळी पडली होती, रेणे. यंत्राला धरून खाली बसली. डोळे भाईर. कांडताना पानी मारत्यातच की. माझ्या सासूनं मारलं, तिच्या सासूनं मारलं. कोन मेलं?"

"तवा घरात कांडत होते अन् दोन महिन्यात खात होते, आत्या! हे प्लास्टिकात बंद करून चार महिने ठेवायचं हाय. पानी कुटं जाईल? म्या घसा फोडून सांगितलं—"

"तू लई सांगतीस," सरजाबाई म्हणाली. "बावीस कलमं सांगतीस. त्याच्यात गंगम्मा खोकल्यावर काय करायचं ते कुटं लिवलंय, दाव मला."

रेणुकानं भिंतीकडं बघितलं. लिहिलं नव्हतं. 'खोकला आल्यास बाहेर जावे' एवढं होतं. गंगम्मा बाहेर गेली असती तर यंत्राच्या तोंडाशी सरजाबाईला उभं राहावं लागलं असतं, सत्तरीच्या उंबरठ्यावर. हे कलम लिहिणाऱ्या मॅडमना ठाऊक नव्हतं आणि रेणुकालाही सुचलं नव्हतं. म्हणून तिला आणखीच राग आला. तो केरबावर निघाला.

"आन तुमी? ओल, न्हाई? काय बघून लिवलं?"

"वरचं बघून," केरबा म्हणाला. "वर सगळीकडं न्हाईच होतं."

चाळीसच्या चाळीस पाकिटं मुखेडच्या रामकिशनशेठच्या दुकानात गेली होती.

हे दुकान मिळायला दीड वर्ष लागलं होतं. रामकिशनला येसर पहिल्या चमच्याला आवडली होती. अडलं होतं ते पाकिटावरच्या नावाशी. गावात आणि तालुक्यात सोनकांबळे म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, बौद्धांचं घर. "मला काय न्हाई हो ताई," तो म्हणाला होता, "गिऱ्हाईकाचं सांगतो." शेवटी पुढं मोठ्या अक्षरात 'सरजाई येसर' आणि मागं, कायद्याला चालेल इतक्या बारीक अक्षरात, निर्मात्या रेणुका केरबा सोनकांबळे, असं ठरलं. पाकीट पुढच्या फळीवर लागलं. लोक घेऊ लागले. मागं कोण बघतं?

"गप बस," केरबा म्हणाला. "ज्याला वास येईल त्यो टाकून देईल. तू जाऊन सांगितलंस तर काय म्हनतील म्हाईत हाय का? बुरशी लागली म्हननार न्हाईत. ह्यांच्या हातचं आसंच, म्हनतील."

"म्हाईत हाय."

"मग?"

"मॅडमनी सांगितलंय, ह्या बुरशीचं इख उकळून बी जात न्हाई. ल्हान लेकरं खातील."

"आन दुकान गेलं तर?"

 रेणुकानं एकोणीस नंबरची चाळीस चांगली पाकिटं पिशव्यांत भरली, बदलून द्यायला, आणि सकाळची बस धरली.

रामकिशनच्या दुकानात दसऱ्याची गर्दी होती. रेणुका गिऱ्हाईकांच्या मागं उभी राहिली. तिचा नंबर आल्यावर तिनं स्पष्ट सांगितलं, "शेठजी, सतरा नंबरची पाकिटं काढा. त्याच्यात बुरशी हाय."

दोन बायकांनी माना वळवल्या. रामकिशनच्या हातातलं साखरेचं माप तसंच राहिलं.

"हळू बोला की बाई!" तो दात दाबून म्हणाला. "इकडं या, आत या. पहिल्यांदा दाराच्या आत या म्हणायलोय, ते बी असल्या टायमाला."

आत पोत्यांमध्ये उभं राहून त्यानं तिला झापलं. माल खराब निघतो, सगळ्यांचा निघतो. मोठ्या मोठ्या कंपन्यांचा निघतो. कुणी असं भर दुकानात येऊन बोंबलतं का? गुपचूप फोन करायचा, मी गुपचूप काढून ठेवला असता. रेणुका ऐकत होती आणि फळीवरची पाकिटं उलटी करून मागचा नंबर बघत होती. सतरा, सतरा, सोळा, सतरा. सव्वीस निघाली.

"चौदा गेली, शेठजी. कुनाला गेली?"

"आता हे मी कसं सांगू?"

"तुमाला समदं पाठ आसतंय. गेल्या दसऱ्याला कुनी किती गूळ नेला ते सांगता तुमी."

रामकिशन जरा फुगला. मग बोटांवर मोजत त्यानं सांगितलं, खरंच सांगितलं, चौदाही. एसटी कॉलनीत तीन. शाळेच्या मागं दोन. असं करत बारा. शेवटच्या दोनला त्याचा आवाज खाली आला. "ती तुमच्याच गावात गेली. दगडोबा मालकाच्या घरी. केवळाबाई स्वतः आल्या होत्या. सुनेला सातवा महिना हाय, तिला येसर आमटीचे डोहाळे लागलेत म्हणे."

"त्यांनी मागचं नाव वाचलं न्हाई?"

"मी म्हणलो, नांदेडचा माल हाय," रामकिशन पोत्याकडं बघत म्हणाला.

रेणुका दिवसभर मुखेडमध्ये फिरली. चिखलात चपलेचा अंगठा तुटला, तो तिनं लेबलाच्या बंडलाच्या सुतळीनं बांधला. प्रत्येक दारात तेच बोलायचं: नमस्कार, तुमी रामकिशनशेठकडून येसर नेली होती, त्यात ओल राहिली, ती द्या, ही घ्या. शाळेमागच्या बाईला पटेना. "आमच्याला तर काही झालं नाही," असं म्हणत ती फाटकापर्यंत मागं आली, जणू रेणुका तिचं काही पळवून नेत होती. एका घरात पाकीट संपलं होतं आणि घरातला म्हातारा म्हणाला, चव उतरली होती बघा जरा. एकीनं बसवून चहा दिला आणि सांगितलं, अशी सांगायला आलेली तू पहिलीच.

एसटी कॉलनीतल्या तिसऱ्या घरी बाईनं सतरा नंबर आहे का ते बघायला पाकीट उलटं केलं. डोळ्यांजवळ नेलं. नंबर वाचला आणि मग नंबरच्या खालचंही वाचलं. आत गेली आणि दुसरं, न फोडलेलं पाकीटही घेऊन आली.

"हे सोळा नंबरचं हाय ताई, हे चांगलं हाय," रेणुका म्हणाली.

"असू दे."

"बदली देते की दोनी."

"नको. राहू द्या." तिनं दोन्ही पाकिटं पिशवीत वरून सोडली, हात लागणार नाही इतक्या वरून.

म्हणजे आता ही नवीन तऱ्हा. सहा महिने कुणी मागची अक्षरं वाचली नव्हती. आज रेणुका स्वतः दारोदार जाऊन ती वाचायला लावत होती. परत येताना रामकिशननं सांगितलं, पाकिटं सध्या मागच्या फळीवर ठेवतो, वातावरण निवळू द्या. बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली नाही. सदतीस पाकिटं बुरशीची परत आली, एक आधीच संपलेलं; तेवढंच एक काम दिवसभरात नीट झालं होतं.

घरी आल्यावर तिनं अंगणाच्या कडेला खड्डा खणायला घेतला. गंगम्मा पाकिटांकडं बघत म्हणाली, "एवढं मातीत? मला दे अव्वा, मी वरचं वरचं काढून खाते. आमाला काय होत न्हाई."

"कुनालाबी होतंय. तुला पोट न्हाई का?"

"पोट हाय म्हनूनच मागायले," गंगम्मा म्हणाली. तिला राग आला होता. रेणुकानं येसरवर चुन्याची फक्की ओतली, माती ओढली, आणि गंगम्माच्या हातात चांगली दोन पाकिटं दिली. तिनं ती हिसकल्यासारखी घेतली. यंत्र मोकळ्या शेडमध्ये, वाऱ्याच्या तोंडाला हलवायचं आणि गंगम्माला फक्त पाकिटं भरायला बसवायचं, हे रेणुकानं त्याच वेळी बोलून टाकलं. "आदीच सुचाया पायजे होतं," सरजाबाई म्हणाली. ते खरं होतं.

"दोन राहिली," रेणुका म्हणाली.

केरबानं हातातला घास खाली ठेवला. या सोयाबीनच्या सुगीत तो दगडोबाच्या मळणीयंत्रावर होता. पाऊस उघडला की पंधरा दिवसांचं काम तिथंच होतं. "ती राहू दे. अडतीसचा हिशेब लागला तेवढं बास. त्या घरात जाऊन तू काय सांगनार? तुमी दोन हप्ते आमच्या घरचं खाल्लं मनून?"

"तिला सातवा महिना हाय."

"मला उद्यापासून यंत्रावर उबा करनार न्हाईत, रेणुका."

"म्हाईत हाय मला!" ती ओरडली. "समदं म्हाईत हाय. तुमी ते 'न्हाई' लिवायच्या आदी एक मिरची मोडून बघितली आसती तर मला हे म्हाईत आसायची पाळी आली आसती का?"

केरबा उठून हात धुवायला गेला. सरजाबाईनं चप्पल पायात सरकवली.

"चल," ती म्हणाली.

"तुमी कुटं?"

"पानी म्या मारलं. तू एकटी काय जातीस?"

केवळाबाईचं घर पाण्याच्या टाकीपलीकडं, चार दगडी पायऱ्यांचं. दिवस मावळायला अजून अवकाश होता आणि कितीतरी दिवसांनी आभाळाच्या कडेला पिवळा उजेड फुटला होता. दोघी पायरीखाली थांबल्या. केवळाबाई सुपात गहू निवडत बाहेर आली, साठीची, भरल्या अंगाची.

"काय गं सरजे? केरबा तर गेला की घरी."

"केरबाचं न्हाई, मालकीनबाई. तुमी मुखेडहून येसरची दोन पाकिटं आनली, ती वापस द्या. त्याच्यात पानी गेलंय. इख झालंय त्याचं."

"तुला काय ठावं माझ्या येसरचं?"

"म्याच केली ती."

केवळाबाईच्या हातातलं सूप थांबलं. गहू एका बाजूला घरंगळले. तिनं सरजाबाईकडं बघितलं, रेणुकाकडं बघितलं, आणि पाठीमागच्या स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, जणू तिथून आता काही बाहेर येणार होतं.

"नांदेडचा माल हाय म्हनला रामकिशन," ती म्हणाली. आवाज चढत गेला. "दोन हप्ते! दोन हप्ते झाले ह्या घरात शिजायलंय, पावन्यांना वाडलंय म्या. आन तुमी सांगितलं न्हाई?"

"पाकिटावर लिवलंय की," रेणुका म्हणाली.

"बारीक लिवलंय," सरजाबाई म्हणाली. "ते जाऊ द्या. चव कशी होती?"

 आतून सुनेचा, तनुजाचा, आवाज आला, "लई भारी होती, सरजाआजी! आत्याच मनल्या, आसली येसर आपल्याला जमली न्हाई कदी."

"तू गप गं आत!"

पण तनुजा बाहेर आली. पोटावर हात, पाय सुजलेले, चेहरा फिकट. एका हातात दोन पाकिटं होती, एक अर्धं संपलेलं. केवळाबाईनं ती तिच्या हातून ओढून घेतली आणि वरच्या पायरीवर ठेवली. ठेवली म्हणजे टाकलीच. रेणुका वर चढली, पाकिटं उचलली, नंबर वाचला. सतरा. सतरा.  चाळीसचा हिशेब लागला.

"किती दिवस खाल्ली, ताई?"

"बारा-तेरा. मग जरा कुबट लागाया लागली म्हनून आत्यांनी घरची काढली." तनुजा आत वळली आणि चिनी मातीची बरणी घेऊन आली. "ताई, ही बी बघा बरं. तसलाच वास येतो मला. आत्या मनत्यात, डोहाळ्यानं तुझं नाक बिघडलंय."

रेणुकानं झाकण उघडलं. बघायची गरज पडली नाही. भिजलेल्या पोत्याचा वास, दाट, जुना. बोटानं उकरलं तर खालून पांढरं निघालं, तिच्या पाकिटातल्यापेक्षा जास्त.

"कांडताना पानी मारलं होतं का?" तिनं विचारलं.

"मारत्यातच की," केवळाबाई म्हणाली. "खकाना उडतोय."

सरजाबाईनं सुनेकडं बघितलं नाही. आभाळाकडं बघितलं.

"टाकून द्या ही," रेणुका म्हणाली. "आजच टाका. पोरीला तर बिलकुल देऊ नका. खरं सांगते, आमच्या पाकिटापेक्षा हे वाईट हाय."

"आमच्या घरचं हाय ते!" केवळाबाईनं बरणी काढून घेतली, झाकण दाबून बसवलं, आणि ती पोटाशी धरून उभी राहिली. "माझ्या हातानं केलंय. तुमचं ते तुमी न्या. आमच्या घरच्याला नाव ठिवाया आलात का?"

 रेणुकाच्या पिशवीत नंबर होते, तारखा होत्या, लायसन होतं, दिवसभर खाल्लेली बोलणी होती. या बरणीला नंबर नव्हता. ही परत मागायला कुणी येणार नव्हतं. तिला एकदम संताप आला, तो गिळून ती सुनेकडं वळली.

"तनुजाताई," ती म्हणाली, "तुमचं नाक बिघडलेलं न्हाई. तेवढं ध्यानात ठेवा. आन पोटात दुखलं, मळमळलं तर दवाखान्यात जा, लाजू नका."

तनुजानं मान हलवली. सासूकडं न बघता हलवली.

रेणुकानं पिशवीतून एकोणीस नंबरची दोन पाकिटं काढली आणि पायरीवर ठेवली. "बदली हायत. सगळ्यांना दिली, तुमाला बी."

"ने ती हितून," केवळाबाई म्हणाली.

रेणुकानं नेली नाहीत. सरजाबाईनं तिचं कोपर धरलं आणि दोघी टाकीकडं चालू लागल्या. सुतळीची चप्पल चिखलात रुतत होती.

"केरबाला उद्या बोलावत्याल का?" रेणुकानं विचारलं.

"काय ठावं. आभाळ उघडायलंय. मळनी आडली तर बोलावत्याल बी." सरजाबाई चार पावलं चालली आणि मान वळवली.

"आत्या, मागं बघू नका."

"न्हाई बघत." ती पुन्हा वळली. "पायरीवर न्हाईत ती."

"कुत्र्यानं नेली आसतील."

"कुत्रं येसर खातं का, येडे?" सरजाबाई म्हणाली.